3 किलोवॉट, नेट मीटर आणि 5 युनिटची बॅटरी: हिशेबाचे मॉडेल कसे मांडावे?

विश्रामबागकर

मंडळी, सांगलीत गच्चीवर 3 किलोवॉटचे सोलर आहे. सूर्यघर योजनेतून बसवले, 78,000 अनुदान मिळाले, नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारे) लागले. वर्षाला 4,350 च्या आसपास युनिटे तयार होतात आणि घराचा वापर 4,100 च्या घरात आहे. बिल स्थिर आकारापुरते येते, त्यामुळे तक्रार काही नाही.

आता विक्रेता मागे लागलाय की 5 युनिटची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) घ्या. सगळे मिळून पावणेदोन लाख. त्याचा हिशेब एका ओळीचा आहे: रोज 5 युनिट, 365 दिवस, युनिटला 12 रुपये, म्हणजे वर्षाला 21,900 ची बचत आणि आठ वर्षांत पैसे वसूल. यात कुठेतरी पाणी मुरतंय एवढे कळते, पण नेमके कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही.

म्हणून स्वतःच एक्सेलमध्ये वर्षाच्या 8,760 तासांचा तक्ता मांडायला घेतलाय. सोलरचे तासवार आकडे पीव्हीजीआयएसवरून (युरोपीय आयोगाचे सौरऊर्जेचे मोफत संकेतस्थळ) उतरवले. घराच्या वापराचे तासवार आकडे नाहीत, महिन्याची बिले आहेत, ती अंदाजाने तासांत वाटली. प्रश्न असे:

1. बॅटरीचे गणित तासागणिक कसे लिहायचे? कोणकोणते तोटे धरायचे?
2. बचत कशाच्या तुलनेत मोजायची?
3. बॅटरी किती वर्षे टिकते हे मॉडेलमध्ये कसे आणायचे?

दुपारच्या वापरावर सवलतीचे जे नवे दर आले आहेत त्यांचा काही फायदा उठवता येतो का, हेही सांगा.

आबा_गच्चीवर

धागा वाचनखुणेत. आमच्याकडेही तोच एका ओळीचा हिशेब घेऊन एक जण येऊन गेला. चहा पाजून बोळवण केली.

ओहम_आणि_मी

साठवणुकीच्याच क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण बाकी सगळे त्यावर लटकलेले आहे. विक्रेत्याच्या हिशेबात बॅटरी नसलेले वर्ष कुठेच नाही. बॅटरीतून रात्री 5 युनिट मिळाली असे घटकाभर धरू, पण बॅटरी नसती तर त्या युनिटांचे काय झाले असते? ती दुपारी ग्रिडमध्ये गेली असती, नेट मीटरवर जमा झाली असती आणि रात्री तुम्ही ती पुरीच्या पुरी परत वापरली असती. नेट मीटरिंगमध्ये ग्रिड हीच तुमची बॅटरी आहे. तिची कार्यक्षमता शंभर टक्के, क्षमतेला मर्यादा नाही, झीज नाही, आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत जमा युनिटे पुढे ओढता येतात.

आता खरी बॅटरी. दुपारी 5 युनिट आत घातली तर रात्री सुमारे 4.4 बाहेर येतात. चार्ज होताना थोडी जातात, डिस्चार्ज होताना थोडी जातात, इन्व्हर्टर आपला वाटा दोन्ही वेळा घेतो. जाऊनयेऊन 88 टक्के मी धरतो, चांगल्या लिथियम संचाला हे ठीक आहे. म्हणजे रोज 0.6 युनिट गेले, वर्षाला 219.

त्यात हायब्रिड इन्व्हर्टर चोवीस तास जागा असतो. त्याची स्वतःची भूक 40 वॉट धरा (30 ते 60 च्या दरम्यान बरेच असतात, डेटाशीटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडते). 40 वॉट गुणिले 8,760 तास म्हणजे 350 युनिट. एकूण तोटा 570 युनिट वर्षाला.

तुमच्या प्रकरणात बॅटरीमुळे बिल कमी होत नाही, वाढते. उण्यातल्या बचतीवर परतफेडीची वर्षे निघत नाहीत.

आता पहिला प्रश्न. दर तासाला एवढेच लिहायचे:

नवा साठा = जुना साठा + 0.94 × चार्ज − डिस्चार्ज ÷ 0.94

0.94 चा वर्ग 0.88, म्हणून हा आकडा. त्यावर चार बंधने: साठा 5 च्या वर जायचा नाही, ठरवलेल्या तळाच्या खाली जायचा नाही, चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही 2.5 किलोवॉटच्या आत (हे तुमच्या संचाच्या कागदावर बघा), आणि दोन्ही एकाच तासात होता कामा नयेत. सोलर घरापेक्षा जास्त असेल तर उरलेले बॅटरीत, तीही भरली की ग्रिडला. सोलर कमी असेल तर आधी बॅटरी, मग ग्रिड. एक्सेलमध्ये सात-आठ स्तंभांत होते. इन्व्हर्टरची भूक मात्र वेगळ्या स्तंभात ठेवा, कार्यक्षमतेत मिसळू नका. कार्यक्षमता वापराच्या प्रमाणात खाते, भूक नुसत्या घड्याळाप्रमाणे खाते.

आणि किलोवॉट व युनिट यांची गल्लत टाळा. 5 युनिटची बॅटरी 2.5 किलोवॉटच देऊ शकत असेल, तर 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर तिच्यावर चालणार नाही, साठा काठोकाठ भरलेला असला तरी.

विश्रामबागकर

धन्यवाद. बॅटरी नसलेले वर्ष वेगळ्या तक्त्यात मांडलेच नव्हते, ते आज मांडतो. 570 युनिटांना 12 रुपयांनी गुणले तर वर्षाला 6,840 चा तोटा येतो. बरोबर ना?

कोरडा_हिशेब

नाही. 12 ने गुणू नका. हा आकडा विक्रेत्याच्याही हिशेबात चुकीचा होता.

तुमचा निव्वळ वापर वर्षभरात शून्याच्या आसपास आहे. वाढीव युनिट लागलेच तर ते पहिल्या स्लॅबमध्ये, म्हणजे 0 ते 100 मध्ये पडणार. 12 रुपयांपर्यंत जाणारा दर वरच्या स्लॅबवाल्यांचा. जो वापर तुम्ही नेट मीटरने आधीच पुसून टाकलात त्याच्या दराने बचत मोजणे ही शुद्ध फसवणूक आहे, जाणूनबुजून असो वा नसो.

शिवाय तुमची 250 युनिटे दरवर्षी उरतात. ती 31 मार्चला महावितरणकडे जातात आणि किरकोळ दराच्या मानाने फारच कमी पैसे हातात येतात. म्हणजे 570 पैकी पहिल्या 250 चा तोटा 3 रुपयांच्या आसपासच्या दराने मोजा आणि उरलेल्या 320 चा पहिल्या स्लॅबच्या दराने. तोटा राहतोच, फक्त अडीच-तीन हजारांच्या आत येतो.

मॉडेलमध्ये दराचा एकच स्तंभ ठेवू नका. महिन्याचा निव्वळ वापर काढा, त्यावर स्लॅब लावा, बिल काढा. मग बॅटरीसह तेच करा. दोन बिलांची वजाबाकी ही बचत.

ओहम_आणि_मी

सहमत. माझा मुद्दा दिशेचा होता. रकमेसाठी हीच पद्धत योग्य.

लातूरची_लेक

तुम्हा सगळ्यांच्या तक्त्यात वीज कधी जातच नाही, हे वाचून हेवा वाटला.

माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. फ्रिजमध्ये लशी असतात, 2 ते 8 अंशांच्या मध्ये ठेवाव्या लागतात. इथे बॅटरी बिलासाठी घेतच नाही कोणी. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, वीज गेली की भर दुपारी लख्ख उन्हात माझे सोलरही बंद पडते. हे असेच असते की विक्रेत्याने काही गडबड केली आहे? दोन, वीज जाण्याचा हिशेब मॉडेलमध्ये कसा घालायचा?

ओहम_आणि_मी

ताई, पहिले असेच असते आणि तसेच असायला हवे. ग्रिडवर चालणारा साधा सोलर इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर स्वतःला तोडून घेतो. नाहीतर लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज जायची. घर ग्रिडपासून वेगळे करून आतल्या आत चालवायचे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

यातून बॅटरीच्या बाजूचा एक मुद्दा निघतो, जो विक्रेतेसुद्धा विसरतात. दुपारी तासभर वीज गेली तर 3 किलोवॉटच्या संचाची दीड-दोन युनिटे तयारच होत नाहीत. ती नेट मीटरवरही जमा होत नाहीत, सरळ बुडतात. तुमच्याकडे दुपारी वीज वारंवार जात असेल तर वर्षाचा हा आकडा बराच मोठा होतो. हायब्रिड असेल तर त्यातली काही वाचतात. सगळी मात्र नाही. घराचा तेव्हाचा वापर आणि बॅटरीत असलेली मोकळी जागा, एवढेच वाचते. बॅटरी भरलेली आणि फ्रिज-पंखे एवढाच भार असेल तर इन्व्हर्टर पॅनेलला आवरून धरतो.

दुसरा प्रश्न. वीज जाण्याचा एक स्तंभ करा, 0 किंवा 1. त्या तासात ग्रिड शून्य, बाकी समीकरण तेच. ज्या तासात भार भागला नाही तेवढी युनिटे वेगळी मोजा. तोच खरा आकडा. पण हे 0 आणि 1 वर्षभर यादृच्छिक पेरू नका. मराठवाड्यात वीज कधी जाते? वळवाच्या वादळात, पावसाळ्याच्या सुरुवातीला, आभाळ गच्च असताना. म्हणजे नेमके सोलर कमी असते तेव्हा. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. सुट्या सुट्या धरल्या तर मॉडेल सांगेल की बॅटरी बहुतेक वेळा पुरते, आणि जूनमधल्या सलग दोन ढगाळ दिवसांत लशींचा फ्रिज बंद पडेल. गेल्या वर्षीच्या खंडिततेची तारीख-वेळ कुठे लिहिलेली असेल तर तीच वापरा.

लातूरची_लेक

लिहिलेली आहे! फ्रिजच्या तापमानाची वही ठेवावीच लागते, वीज गेल्याची नोंद त्यातच आहे. पण मग पैशांत त्याची किंमत काय धरू?

कोरडा_हिशेब

दुसरा पर्याय काय आहे ते बघा आणि त्याचा खर्च धरा. छोटा पेट्रोल जनरेटर लिटरला दोन-अडीच युनिट देतो. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे युनिट चाळीस-पन्नास रुपयांना पडते, वर दोरी ओढायला माणूस. लशी वाया गेल्या तर किती, हे तुम्हीच सांगू शकाल. या दरांपुढे बॅटरीचे युनिट स्वस्त ठरते.

आणि एक. तुमच्याकडे आधीचा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी असणारच. 150 अँपिअर-तास, 12 व्होल्ट, म्हणजे कागदावर 1.8 युनिट, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते. शिवाय लेड-ॲसिडची जाऊनयेऊन कार्यक्षमता 70 ते 80 टक्के. ही जुनी जोडगोळी आजही तुमची वीज खातेच आहे. तुलना तिच्याशी करा, बॅटरी नसलेल्या घराशी नको.

आबा_गच्चीवर

वा ताई, लशीची वही बॅटरीच्या मॉडेलला कामाला आली!

इसारकाठ

म्युनिकमधून लिहितोय. इथे प्रत्येक दुसऱ्या शेजाऱ्याच्या तळघरात बॅटरी आहे, तेव्हा तुमचा निष्कर्ष आधी उलटा वाटला. मग लक्षात आले की इथे नेट मीटरिंग नाहीच. ग्रिडला दिलेल्या युनिटाचे 8 सेंटच्या आसपास मिळतात आणि घेतलेल्या युनिटाला 35 च्या आसपास मोजावे लागतात. 88 टक्के धरले तर बॅटरीतून निघालेल्या एका युनिटासाठी 9 सेंटची विक्री सोडावी लागते आणि 35 ची खरेदी वाचते. म्हणजे 26 सेंट हातात. 5 युनिटची बॅटरी वर्षाला पूर्ण 220 वेळा फिरली तर 250 युरो.

220 च का, 365 का नाही? कारण नोव्हेंबर ते जानेवारी बॅटरी भरतच नाही आणि जून-जुलैत रात्र इतकी लहान की ती रिकामीच होत नाही. विश्रामबागकर, तुमच्याकडचे 365 याच कारणाने मला पटत नाहीत. पावसाळ्यात काय होते?

दुसरी गोष्ट तासवार आकड्यांची. बर्लिनच्या एचटीडब्ल्यू या तंत्रविद्यापीठाने 74 घरांच्या वापराचे सेकंदासेकंदाचे आकडे खुले केले आहेत. त्यांवर खेळून पाहिले की तासाची सरासरी किती फसवते ते कळते. उदाहरण घ्या. सकाळी आठ ते नऊ. गिझर 2 किलोवॉटचा, पाव तास चालतो, म्हणजे अर्धे युनिट. त्या तासात सोलर सरासरी अर्धा किलोवॉट. तासाच्या तक्त्यात सगळे फिट्टंफाट: सोलरने गिझर चालवला, ग्रिडशी देणेघेणे शून्य. प्रत्यक्षात पाव तास दीड किलोवॉट ग्रिडकडून घेतले आणि पाऊण तास अर्धा किलोवॉट ग्रिडला दिले. घरात वापरलेले सोलर अर्धे युनिट नव्हे, 0.125. तास धरला की स्वतःचे सोलर स्वतः वापरल्याचे प्रमाण नेहमी फुगते.

ओहम_आणि_मी

उत्तम उदाहरण. त्याला जोडून एवढेच की सांगलीत आजच्या नियमाने याने बिल बदलत नाही, कारण महिन्याची बेरीज-वजाबाकी तीच राहते. पण ज्या दिवशी आयात आणि निर्यातीचे दर वेगळे होतील त्या दिवशी तासाचा तक्ता कुचकामी. 15 मिनिटांचा करा. आणि तासाच्या तक्त्यात त्या वेळी बॅटरी हललेलीच दिसत नाही, प्रत्यक्षात ती 0.375 युनिट देऊन पुन्हा भरलेली असते. झीज मोजताना हे फिरणे धरावे लागते.

विश्रामबागकर

इसारकाठ, पावसाळ्याचे बरोबर आहे. जुलैत एप्रिलच्या निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. सलग झड लागली की दिवसाला घरापुरतेही होत नाही. मग बॅटरी भरायची कशाने?

पेशवेपार्क

हे सगळे एक्सेलमध्ये का करताय? अमेरिकेच्या नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीजचे (2025 पर्यंतची नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी) सॅम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, बॅटरीचे मॉडेल आत तयार आहे. पायथॉनमध्ये करायचे तर लिनियर प्रोग्रॅमिंगने (बंधने पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणारी गणिती पद्धत) वर्षभराचे सर्वोत्तम वेळापत्रक काही सेकंदांत निघते. मी करून देतो हवे तर.

ओहम_आणि_मी

सॅम चांगलेच आहे, मीही वापरतो. दोन पथ्ये. त्यातले दरपत्रकाचे साचे अमेरिकेचे आहेत, महाराष्ट्राचे स्लॅब आणि मार्चअखेरचा निकाल हाताने भरावा लागतो. आणि हवामानाची फाइल "नमुना वर्षाची" घेतली तर त्यातला ढग आणि तुमच्या खऱ्या वर्षाचा वापर यांचा मेळ बसत नाही. ज्या दिवशी तुम्ही उकाड्याने एसी लावलात त्या दिवशी फाइलमध्ये पाऊस असू शकतो. वापर ज्या वर्षाचा, ऊनही शक्यतो त्याच वर्षाचे घ्या.

लिनियर प्रोग्रॅमिंगबद्दल. त्याला पुढच्या वर्षभराचे ऊन आणि वापर आधीच ठाऊक असतो. तुमच्या इन्व्हर्टरला उद्याचेही ठाऊक नसते. म्हणून त्यातून येणारी बचत ही वरची मर्यादा आहे, ती अंदाजपत्रकात लिहायची नाही. साध्या नियमाने (उरले की भर, लागले की दे) येणारा आकडा आणि हा आकडा यांतले अंतर बघा. विक्रीचा दर खरेदीपेक्षा बराच कमी आणि दोन्ही दर दिवसभर एकच असतील तर अंतर शून्यच येते, साधा नियमच सर्वोत्तम ठरतो. अंतर मोठे आले तरच हुशार नियंत्रणावर पैसे घालण्यात अर्थ आहे.

पॅसिफिक_पाटील

ते अंतर मोठे कुठे येते, तर आमच्याकडे. सॅन दिएगो. 15 एप्रिल 2023 पासून अर्ज केलेल्यांना कॅलिफोर्नियात जुने नेट मीटरिंग मिळत नाही. ग्रिडला दिलेल्या युनिटाचा दर तासातासाला आणि महिन्यामहिन्याला वेगळा. दुपारी कवडीमोल, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या काही संध्याकाळी एकदम चढा. खरेदीचा महाग काळ दुपारी 4 ते रात्री 9. इथे बॅटरी कधी रिकामी करायची यावर सगळा खेळ आहे आणि साधा नियम मार खातो. मी त्या तारखेच्या आधीचा, मला वीस वर्षे जुनाच नियम आहे. बॅटरी घेतली नाही. समोरच्याने नंतर बसवले, त्याने पहिल्या दिवसापासून घेतली. छपरे सारखी, ऊन सारखे.

कोरडा_हिशेब

आता सवलतीच्या दरांचा प्रश्न, कोणी घेतला नाही म्हणून. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सूट आहे. लोक म्हणतात, दुपारी स्वस्तात बॅटरी भरा, रात्री वापरा. करा गणित. दर 10 रुपये, दुपारी 9.20. रात्री 1 युनिट हवे तर दुपारी 1.136 घ्यावे लागते. 1.136 गुणिले 9.20 म्हणजे 10.45. दहा रुपयांचे युनिट साडेदहाला पडले. पहिल्या स्लॅबच्या खालच्या दरात फार तर तीसेक पैसे सुटतील, तेही इन्व्हर्टरची भूक न धरता. या फरकावर बॅटरी चालत नाही. गिझर आणि वॉशिंग मशिन दुपारी लावले तर ती सूट फुकट मिळते.

यंत्रमाग

इचलकरंजीतून. आमचे गणित युनिटाचे नाहीच, मागणी आकाराचे आहे. महिन्यातला सर्वांत मोठा भार किती नोंदला गेला त्यावर पैसे. बॅटरीने तो शेंडा कापता येतो असे सांगतात. मॉडेलमध्ये सुंदर दिसते. पण सगळे माग एकदम सुरू झाले आणि बॅटरी तेव्हा अर्धी असली, तर एकाच झटक्यात त्या महिन्याची बचत गेली. 29 दिवस बरोबर वागल्याचे श्रेय मिळत नाही.

भरदुपार

नागपूरकर. बॅटरी कुठे बसवणार हे कोणी विचारत नाही. इकडे विक्रेते जिन्याच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत बसवतात, वायर कमी लागते म्हणून. मे महिन्यात बाहेर 45, पत्र्याखाली किती ते मोजायला आत उभे राहवत नाही. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत नुसती ठेवली तरी म्हातारी होते, वापरा नाहीतर नका वापरू. आणि पॅनेलही तापतात. तळ 65 अंशांवर गेला तर 25 च्या मानाने 14 टक्के वीज कमी (अंशाला 0.35 टक्के धरून). मॉडेलमध्ये तापमानाचा स्तंभ घाला.

ओहम_आणि_मी

भरदुपार यांनी तिसऱ्या प्रश्नाला हात घातलाच आहे, तर तो पुरा करतो.

बॅटरी दोन प्रकारे झिजते: फिरण्याने आणि नुसत्या काळाने. डेटाशीटवर "6,000 सायकल" ठळक असते (एकदा पूर्ण भरून रिकामी झाली की एक सायकल). रोज एक सायकल धरली तर सोळा वर्षे होतात, पण वॉरंटी साधारण दहाची. तुमच्यासारख्या घरात आधी काळ संपतो, सायकली शिल्लक राहतात.

पैशात बघा. नुसत्या बॅटरीचे सव्वा लाख धरू, इन्व्हर्टर वेगळा.

6,000 पूर्ण सायकली झाल्या: 26,400 युनिट बाहेर, युनिटला 4.70 रुपये.
दहा वर्षे रोज एक: 16,060 युनिट, 7.80 रुपये.
दहा वर्षे, पावसाळा वजा जाता वर्षाला 280: 12,320 युनिट, 10.15 रुपये.
त्यातच क्षमता हळूहळू घटते हे धरून सरासरी 10 टक्के कमी: 11.30 रुपये.

विक्रेता पहिली ओळ दाखवतो, तुम्ही चौथी भरता. आणि यात दुपारी आत घातलेल्या विजेची किंमत अजून धरलेलीच नाही.

अर्धवट सायकली कशा मोजायच्या? सॅम त्यासाठी रेनफ्लो पद्धत वापरते, लहान-मोठे चढउतार वेगळे करून प्रत्येकाची झीज स्वतंत्र धरते. एक्सेलमध्ये एवढ्या खोलात जायची गरज नाही. वर्षभरात आत घातलेली एकूण युनिटे भागिले 5, ही तुमची समतुल्य सायकल. घरगुती निर्णयाला पुरते.

विश्रामबागकर

आता शेवटची शंका. समजा उद्या नियम बदलला आणि दुपारी दिलेल्या युनिटांना वेगळा, कमी दर लागला. तेव्हा बॅटरी परवडेल का? आजच घेऊन ठेवावी का?

कोरडा_हिशेब

तोही तक्ता काढून टाका. तुमच्या 4,100 पैकी 1,400 युनिटे दिवसा वापरली जातात असे धरू. मग 2,950 ग्रिडला जातात आणि 2,700 ग्रिडकडून येतात. महिन्याला 225 युनिट म्हणजे तुम्ही दुसऱ्या स्लॅबमध्ये. विक्री 3 रुपये, खरेदी 11 धरतो, बॅटरीला झुकते माप देऊन. वर्षाला समतुल्य 310 सायकली, तेही झुकते मापच.

आत गेली 1,550 युनिटे, त्यांची बुडालेली विक्री 4,650. बाहेर आली 1,364, वाचले 15,004. इन्व्हर्टरची भूक, अर्धी दिवसा अर्धी रात्री, 2,450. हातात राहिले 7,900. पावणेदोन लाख भागिले 7,900 म्हणजे बावीस वर्षे. दहा वर्षांच्या बॅटरीला.

नियम बदलल्यावर परवडायला बॅटरीची किंमत निम्म्याहून खाली यायला हवी. आज घेतलेली बॅटरी त्या दिवसापर्यंत नुसती झिजत बसणार.

पेशवेपार्क

पण मोठे प्रकल्प तर धडाधड बॅटरी लावतायत. छत्तीसगडात राजनांदगावला 100 मेगावॉट सोलरला 120 मेगावॉट-तासांची (एक मेगावॉट-तास म्हणजे 1,000 युनिट) बॅटरी आहे. गुजरातेत मोढेऱ्याला 6 मेगावॉट सोलर, 15 मेगावॉट-तास बॅटरी. त्यांचे कसे जमते?

ओहम_आणि_मी

त्यांच्यामागे नेट मीटर नाही. दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज त्यांना दोन वेगळ्या किमतींना दिसते, तुम्हाला दिसत नाही. आणि हा फरक वाढतोय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये सल्ला काढला की सोलरच्या नव्या निविदांमध्ये क्षमतेच्या किमान 10 टक्के, दोन तासांची साठवण सोबतच मागवा. समीकरण तेच, जे मी वर लिहिले. दराचा स्तंभ बदलला की उत्तर बदलते.

लातूरची_लेक

माझा तक्ता झाला. वहीतल्या वेळा घातल्या, बॅटरीचा तळ 40 टक्क्यांवर बांधला, म्हणजे तेवढा साठा फक्त वीज गेल्यावरच खाली उतरायचा. फ्रिज, दोन दिवे, संगणक एवढाच भार. 5 युनिटची गरजच नाही, अडीचमध्ये वहीतले सगळे प्रसंग निघतात. एक वगळता. जूनमधला. तेव्हा बर्फाच्या लाद्यांची पेटी आहेच.

ओहम_आणि_मी

तो तळ 40 वरून मेअखेर ते जूनअखेर 80 करून बघा. बाकी वर्षभर 40. बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये ही सेटिंग हाताने बदलता येते.

लातूरची_लेक

केले. जूनचाही निघाला!

विश्रामबागकर

आमच्याकडे वीज महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी जाते, तीही थोडाच वेळ. जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर आहे तोच ठेवतो. विक्रेत्याला दोन्ही तक्ते दाखवले. म्हणाला, "साहेब, हे तुम्ही फारच बारीक काढलंय." आता तो 5 किलोवॉटपर्यंत पॅनेल वाढवा म्हणतोय.

कोरडा_हिशेब

तुमची 250 युनिटे आत्ताच उरतात. वाढीव पॅनेलचे प्रत्येक युनिट मार्चअखेरच्या दराने जाईल. इंडक्शन शेगडी किंवा विजेची गाडी घेणार असाल तर वापराच्या स्तंभात ती घालून पुन्हा चालवा.

विश्रामबागकर

स्कूटर घ्यायचीच आहे दिवाळीला. घालतो.